पोटात जागा होईपर्यंत

७ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

माझा नंबर तू ब्लॉक केलास, ईमेल तर तू उघडतही नाहीस, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून कुणी काढलेली नाही. फाडायचं असेल तर फाड, फक्त आधी वाच. दोन वर्षं मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे, त्यावरून समज किती जोर लावला असेल.

मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. तुझ्या घरात माणसं दोन, त्यातली एक तू. फार डोकं चालवावं लागणार नाही. परवा भट्टी पेटवून झाल्यावर जावयाने त्याच्या बेकरीतूनच फोन लावला. "आई, तुम्हाला सांगितलं हे तिला कळलं तर ती मला पावांबरोबर आत सारेल," म्हणाला. मी हसले. तो हसला नाही. मग म्हणाला, "बाळ आहे. पण त्याची आतडी बाहेर आहेत, आई. बाहेर म्हणजे पोटाच्या बाहेर. नाळेत." आणि एवढा उंचापुरा माणूस हमसून रडायला लागला. त्याच्यावर चिडू नकोस. तू रडत नाहीयेस म्हणून त्याला दोघांचं रडावं लागतंय.

आता नीट ऐक. जन्मभर मी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना गर्भाची वाढ शिकवली आणि पोटच्या पोरीला हा धडा कधी दिला नाही. आज देते.

आतडी सगळ्यांचीच एकदा बाहेर जातात. तुझी गेली होती, माझी गेली होती, ज्या बाईने ते मशीन तुझ्या पोटावर फिरवलं तिचीही गेली होती. सुरुवातीला पोट वगैरे काही नसतंच. एक चपटी चकती असते, झाडाच्या पानासारखी. तिच्या कडा खाली वळतात, एकमेकींना मिळतात आणि आत एक सरळ नळी तयार होते. तुम्ही पाणीपुरवठावाले रस्त्याखाली टाकता तसली, फक्त दोन्ही टोकांना बूच बसवलेली. तोंडाकडचं बूच आधी उघडतं, खालचं मागाहून. त्या नळीला वरच्या बाजूने एक कोंब फुटतो, ते यकृत. आणि हे यकृत असं वाढत सुटतं म्हणून सांगू! एवढ्याशा पोटात इतर कुणाला पाय ठेवायला जागा ठेवत नाही. नेमकी त्याच वेळी आतड्यांनाही लांब व्हायची घाई झालेली असते. मग ती काय करतात? नाळेत जाऊन राहतात. तिथे वाढतात, काटकोनात एक वळण घेतात, आणि पोट ऐसपैस झालं की परत येतात. येता येता तशीच आणखी दोन वळणं घेतात आणि आपापल्या जागी बसतात.

तुझा आठवडा मी जावयाकडून काढून घेतला. अकरावा सरत होता. म्हणजे परत यायच्या वेळेच्या अगदी काठावर. आळशी आतडी आहेत, दुसरं काही नाही. तुझ्यावर गेलीत. तुलाही उठवायला तीन हाका लागायच्या. दोन आठवड्यांनी बघतील तेव्हा आत गेलेली असतील. मी खात्रीने सांगते.

घरी सगळं ठीक. 'ते गृहस्थ' (हा तुझा शब्द, मी त्यांना भूलवाले म्हणते, कारण लहान मुलांना ऑपरेशनआधी भूल देण्यात त्यांचं आयुष्य गेलं) मजेत आहेत. आमच्या लग्नाचं कळल्यावर तू फोनवर विचारलं होतंस, "लाज नाही वाटली तुला?" मी "नाही" म्हटलं होतं आणि तू फोन आपटला होतास. उत्तर अजून तेच आहे. पण त्याचा तुझ्या बाळाच्या आतड्यांशी काही संबंध नाही, तेव्हा तो विषय इथे बंद.

जेवत जा.

आई

२३ फेब्रुवारी

ठमे,

गेली नाहीत. जावयाचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी होते, आणि फोन ठेवून घासलेली भांडी परत घासली. आतडी अजून नाळेतच आहेत आणि आता यकृताचा एक भागही त्यांच्या जोडीला बाहेर दिसतोय. खात्रीने सांगते म्हणाले होते, खात्रीने चुकले.

याला ऑम्फॅलोसील म्हणतात, हे तुझ्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल. नाव ऐकून घाबरू नकोस, नावं आम्हीच ठेवतो आणि पोरांना पाठ करायला लावतो. अर्थ एवढाच की पाहुणे म्हणून गेलेली आतडी परत आलीच नाहीत. ती एका पातळ, आरपार दिसणाऱ्या पिशवीत आहेत. ही पिशवी शाबूत आहे हे चांगलं लक्षण आहे.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. माहीत होती, मुद्दाम लिहिली नाही. आतडी अशी बाहेर राहतात तेव्हा कधीकधी प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही. हृदयात खोट असू शकते, गुणसूत्रांत असू शकते. तेव्हा लिहून तुझी झोप उडवण्यात अर्थ नव्हता, आणि आता न लिहिण्यात अर्थ नाही, कारण उद्या तुला कुणीतरी पांढऱ्या कोटातला पोरगा हेच सांगणार, तेही घड्याळाकडे बघत. तपासण्या होतील. त्यांचे निकाल येईपर्यंत तुला काहीच माहीत नाही आणि मलाही नाही.

दुसरं. तू खड्ड्यात उतरलीस म्हणून हे झालेलं नाही. टाकीच्या शिडीवर चढलीस म्हणून नाही, तो दिवसरात्र पाइप फुटल्याचा गोंधळ निस्तरलास म्हणून नाही. तुझी सासू काही म्हणाली असेल तर तिला माझा पत्ता दे, तिचं मी बघते. हे सगळं इतक्या लवकर ठरतं की तोवर बाईला आपल्याला दिवस गेलेत हे जेमतेम कळलेलं असतं. यात तुझा हात नाही. मी परत 'खात्रीने' हा शब्द वापरतेय आणि या वेळी चुकणार नाही.

तिसरं. डॉक्टरांनी तुमच्यापुढे दोन्ही वाटा ठेवल्यात, बाळ ठेवायचं किंवा नाही, असं जावई म्हणाला. माझं मत मला आहे. मला कशावर मत नसतं? पण ते या कागदावर उतरणार नाही, आणि जावयाने विचारलं तरी सांगणार नाही. तुम्ही दोघांनी ठरवा. काहीही ठरवलंत तरी त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझी आईच असेन.

आई

१४ मार्च

ठमे,

उत्तर येत नाही म्हणून थांबणाऱ्यातली मी नाही. जावई म्हणतो, तू पाकिटं फोडतेस आणि कपड्यांच्या कपाटात ठेवतेस. माझ्यासाठी एवढं पुष्कळ आहे.

आज कॉलेजात तास घेतला. मी निवृत्त झाले तरी ते मला बोलावतात, कारण नव्या सरांना हाडं आवडतात, गर्भ आवडत नाही. विषय नेमका हाच आला. मी नेहमीसारखं लहान मुलाचं स्वेटर आणि लांब रबरी नळी घेऊन गेले. एका पोराला उभं केलं, स्वेटर त्याच्या पोटावर धरलं, नळी गळ्यातून आत सारली आणि खालून बाहेर ओढली. जठर कसं कुशीवर वळतं ते दाखवलं. स्वादुपिंडाचे दोन तुकडे वेगवेगळ्या बाजूंना उगवतात आणि त्यातला एक पाठीमागून वळसा घालून दुसऱ्याला कसा गाठतो, ते दाखवलं. इथे पोरं नेहमी हसतात, आजही हसली. मग नळीचा मधला भाग स्वेटरच्या भोकातून बाहेर काढला, पीळ दिला, परत आत ढकलला. वर्ग खूश.

शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, आणि परत गेलंच नाही तर?"

हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं. मी घडाघडा सांगितलं. पिशवी, नाळ, यकृत, जन्मानंतर ऑपरेशन.

"मग ते बाळ जगतं का?"

"बाकी सगळं ठीक असेल तर बहुतेक जगतात."

"आणि त्याची आई काय करते तोपर्यंत?"

पोरं परत हसली. परीक्षेत येणार नाही असा प्रश्न होता ना. मी म्हटलं, "आई वाट बघते. पुढचा मुद्दा लिहून घ्या."

तास संपल्यावर मी नेहमी मुलांना खालच्या संग्रहालयात नेते. तिथे काचेच्या बरण्यांत हे सगळं ठेवलंय, हेसुद्धा. आज म्हटलं, तुमचे तुम्ही बघून या. संग्रहालयाचा शिपाई म्हणाला, "मॅडम, गुडघे दुखतायत का?" मी हो म्हटलं.

माझे गुडघे उत्तम आहेत.

आई

२ एप्रिल

ठमे, ठमे, ठमे,

गुणसूत्रं ठीक. हृदय ठीक, चारही कप्पे जागच्या जागी. आणि तुम्ही दोघांनी बाळ ठेवायचं ठरवलंत.

जावयाने सांगितलं तेव्हा मी फोन स्पीकरवर टाकला होता. भूलवाल्यांनी ते ऐकून मला चक्क उचलायचा प्रयत्न केला. या वयात! उचललं बोटभर, आणि त्यांच्या कमरेत उसण भरली. आता पालथे पडलेत आणि मी पत्र लिहून झालं की शेकणार आहे. तोपर्यंत कण्हू देत.

तुझ्या आईला आज फार बरं वाटतंय.

आई

२६ एप्रिल

ठमे,

आज तुझं पाकीट आलं. अक्षर लांबूनच ओळखलं, 'र' ला तू देतेस तो झोका दुसरं कुणी देत नाही. चष्मा शोधायला वेळ लागला. आणि चष्मा लावल्यावर बघते तर पाकिटावर नाव भूलवाल्यांचं.

त्यांचं!

मी ते टेबलावर आपटलं. "तुमचं टपाल," म्हटलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, एकदा, मग परत एकदा, आणि घडी घालून खिशात ठेवलं.

"काय लिहिलंय?"

"मला लिहिलंय."

"मुलगी माझी आहे."

"म्हणूनच मला लिहिलंय," ते म्हणाले, आणि चहाला आधण ठेवायला गेले. चहा चांगला झाला होता. मी प्यायले नाही.

रागावलेय मी, खोटं कशाला बोलू? चार पत्रं मी लिहिली, टपालपेटीपर्यंत मी चालत गेले, आणि उत्तर मिळालं ते ज्या माणसाशी तू एक अक्षर बोलली नाहीस त्याला. दुपारभर मी घरातली भांडी जरा जास्तच आवाज करत लावली. ते वर्तमानपत्र वाचत होते. तीस-पस्तीस वर्षं सर्जन लोकांचा आरडाओरडा ऐकून ज्याचे कान तयार झालेत त्याला भांड्यांनी काय होणार.

आता तो बंद केलेला विषय मीच उघडते, कारण तू उघडलास. तुझे बाबा गेले. मला ते आवडायचे, शेवटपर्यंत. नंतर मला आणखी एक माणूस आवडला. यात गुंतागुंत काही नाही, तुमच्या पाणीपुरवठ्याच्या नकाशात असते तेवढीसुद्धा नाही. तुला बाबांसाठी वाईट वाटलं, ते वाटू दे. मला त्याची घाई नाही.

पण ह्यांना काय विचारलंस तेवढं मला कळलं तर बरं होईल.

आई

१२ जून

प्रिय ठमे,

तुमचा दोघांचा पत्रव्यवहार जोरात आहे. पोस्टमन आता मला बघून नुसतं "साहेबांचं" म्हणतो.

काल ते म्हणाले, "तुम्हाला एवढं सांगायला हरकत नाही असं तिने लिहिलंय," आणि तुझ्या पहिल्या पत्रातली एक ओळ वाचून दाखवली. 'बाळाला दुखेल का, आणि दुखलं तर ते कुणाला कळेल?'

एवढीच ओळ. मी तुला आतडी, यकृत, चकती, नळी, काटकोनातली वळणं असं सगळं लिहिलं. ते सगळं बरोबर आहे, त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण तुला हे विचारायचं होतं, आणि ते मला विचारावंसं तुला वाटलं नाही. बरोबरच आहे. माझ्या बरण्यांतल्या कुणालाच कधी दुखत नाही.

मी त्यांना विचारलं, "काय उत्तर दिलंत?"

ते सांगेनात. मी सोडेना. शेवटी म्हणाले, "ऑपरेशनच्या खोलीत सगळे पोटाकडे बघत असतात. सर्जन बघतात, मदतनीस बघतात, दिवेसुद्धा तिकडेच वळवलेले असतात. चेहऱ्याकडे बघणारा एकच माणूस असतो. तो डोक्याशी बसलेला असतो, बाळाची नाडी, श्वास, कपाळावरची आठी सगळं त्याला दिसतं. दुखायला लागायच्या आधीच त्याला कळतं. ते त्याचं कामच. मी लिहिलं, हे काम मी हजारो मुलांचं केलंय आणि तुझ्या बाळाचं जो करणार आहे त्याला मी ओळखतो. माझ्या हाताखाली शिकलाय. शिकवताना मी त्याला फार बोललोय, म्हणून तो चांगला आहे."

मग चेहरा पाडून म्हणतात, "शेवटचं वाक्य जरा जास्त झालं का हो?"

मी म्हटलं, मुळीच नाही.

ठमे, या माणसाशी मी का लग्न केलं ते तुला आता कळलं असेल, किंवा नसेल. मला मात्र काल नव्याने कळलं.

सोनोग्राफीत वजन चांगलं भरतंय म्हणे. पाय वर करून बसत जा. खात्यातल्या साहेबांना सांग, पाइप तू कामावर गेलीस तरी फुटतील आणि बाळंतपणाच्या रजेवर असलीस तरी फुटतील.

आई

९ ऑगस्ट

ठमे,

उद्या सिझेरियन. आज भूलवाले तुझ्याकडे निघाले. तू त्यांना लिहिलंस, 'ऑपरेशनच्या वेळी तुम्ही बाहेर बसाल का? मला समजावून सांगणारं कुणीतरी हवंय.' मला लिहिलं नाहीस.

त्यांनी बॅग भरता भरता विचारलं, "तुम्हीही चला. दारातून परत थोडीच पाठवेल?"

"पाठवणार नाही. म्हणूनच येत नाही," मी म्हटलं. "तिच्या अंगावर टाके असताना तिला आईचं तोंड बघावंच लागेल अशी वेळ मी आणणार नाही. बोलावलं की येईन."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तुम्ही तुमचे मोजे घ्या."

मोजे विसरलेच. मी धावत जाऊन फाटकाशी दिले.

घर फार मोठं वाटतंय. कॉलेजला जाऊन आले, ग्रंथालयात बसले, जे मला पाठ आहे तेच परत वाचलं. एकदा वाटलं, निघावं तशीच. मग बसले.

तू चिवट आहेस. बाळही चिवट आहे, एवढे महिने बाहेर संसार मांडून राहिलंय. उद्या सगळं नीट होईल. हे मी अभ्यासावरून लिहीत नाहीये, नुसतंच लिहितेय.

आई

११ ऑगस्ट

माझी ठमे,

मुलगी!

आणि ओरडली म्हणे अशी की सर्जनबाई म्हणाल्या, फुप्फुसांची काळजी मिटली. जावयाने फोनवर ते रडणं ऐकवायचा प्रयत्न केला, मला फक्त त्याचंच रडणं ऐकू आलं.

आज ऑपरेशन झालं ते भूलवाल्यांनी मला सगळं सांगितलं, तुला सांगितलं तसंच, तुझ्यानंतर. आतडी सगळी आत गेली. यकृताचा जो भाग बाहेर होता तो आत ढकलायला गेले तशी तिच्या श्वासाच्या मशीनवरचा दाब चढला. पोटात जागा नव्हती. पोट भरलं की ते वर फुप्फुसांना रेटतं. तेव्हा डोक्याशी बसलेल्या त्या पोराने सांगितलं, "थांबा." सर्जनबाई थांबल्या. उरलेलं त्यांनी सिलिकॉनच्या एका पिशवीत घेतलं आणि पिशवी वरून टांगून ठेवली. आता रोज थोडं थोडं खाली सरकवतील. पोट रोज थोडं ताणलं जाईल, रोज थोडी जागा होईल.

ते सांगत होते की तू टाके सांभाळत त्यांच्याजवळ येऊन बसलीस आणि विचारलंस, "हे वाईट झालं का?" आणि ते म्हणाले, "नाही. घाईघाईने बंद केलं असतं तर वाईट झालं असतं. तिला वेळ लागतोय, आपण देऊ." मग तू त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. दोन तास हलले नाहीत. त्यांचा हात बधिर झालाय, पण अभिमान बघायला हवा त्यांचा. बारशाचं निमंत्रण असल्यासारखं मला सांगत होते.

मला हेवा वाटला. लिहूनच टाकते. आणि त्या हेव्याखाली मला इतकं बरं वाटलं की मी तशीच बाहेर पडले, आणि रस्त्यात भेटलेल्या सगळ्यांना सांगत सुटले. फळवाल्याला, वाणसामानवाल्याला, त्या कोपऱ्यावरच्या चिडक्या शिंप्यालासुद्धा. शिंपी म्हणाला, "आतडी आत टाकली म्हणजे शिवलं कुणी?" मी म्हटलं, शिवायचं आहे अजून. तो म्हणाला, "टाके बारीक घालायला सांगा." तेव्हा हे सर्जनबाईंना सांग.

आई

१७ ऑगस्ट

ठमे,

पिशवी रिकामी झाली. यकृत आत गेलं, पोट शिवलं, दाब चढला नाही. काल संध्याकाळी कळलं आणि मी पहिल्यांदा नीट झोपले.

आता जे राहिलंय त्याचा शब्द सभ्य माणसं मोठ्याने उच्चारत नाहीत, पण मी शरीर शिकवणारी बाई आहे. आता शी व्हायला हवी. एवढी उलथापालथ झाल्यावर आतडी रुसून बसतात, हलेनाशी होतात. ती हलली, वरून खालपर्यंत रस्ता मोकळा आहे हे कळलं, की मग दूध. तोवर शिरेतून. तूही तुझ्या नळ्या टाकल्यावर पाणी सोडून बघतेस ना, गळती आहे का, तुंबलंय का? तसंच. फरक एवढाच की इथे तुला झडप फिरवता येत नाही.

भूलवाले म्हणतात, तू सारखी नर्सला विचारतेस, "काही झालं?" आणि ती "अजून नाही" म्हणते. ते, जावई आणि तू, तिघं शिकली-सवरलेली माणसं एका डायपरकडे डोळे लावून बसलात. मी इथे बसलेय.

वाट बघणं मला येत नाही. शिकतेय.

आई

२३ ऑगस्ट, स्टेशनच्या बाकावर

ठमे,

हे पत्र टपालात पडणार नाही. तुझ्या हातात देईन, किंवा देणारही नाही. पण गाडीला वेळ आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही.

मी दुपारची भाजी चिरत होते. फोन वाजला. बघते तर तुझं नाव. दोन वर्षांत ते नाव त्या पडद्यावर आलं नव्हतं. वाटलं, काहीतरी झालं. वाईट बातमी असती तर तू भूलवाल्यांना सांगायला लावली असतीस, हे तेव्हा सुचलंच नाही.

उचलला. तिकडून श्वास ऐकू आला, मग तू.

"आई, शी केली तिने."

मी आजवर इतकं बोलले, इतकं लिहिलं, आणि त्या क्षणाला माझ्या तोंडून काय निघालं?

"रंग?"

"आई!"

"रंग विचारतेय मी."

"काळपट हिरवा."

"भरपूर?"

"डायपर भरून. नर्सने टाळ्या वाजवल्या, आई. शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या बाबांनीसुद्धा."

आणि तू हसायला लागलीस. तुझं ते नाकातून येणारं हसू. मीही हसले, सुरी हातात, भाजी तशीच. मग तुझं हसणं कधी वळलं ते कळलं नाही, तू रडत होतीस. इतक्या महिन्यांचं सगळं. मी काही समजावलं नाही. "रड," म्हटलं. मीही रडत होते, पण तुझ्यापेक्षा जरा हळू.

मग नाक पुसून तू तुझ्या कामाच्या आवाजात विचारलंस, "किती वेळ लागेल तुला यायला?"

मी खाली बघितलं. चपला पायात होत्या. कधी घातल्या, देव जाणे.

आले बघ,

आई